काळा कोट दिसला की झडती नाही?
आज जिल्हा न्यायालयाच्या गेटवर तासभर उभा होतो. मेटल डिटेक्टर वाजत होता, तरी काळा कोट दिसला की थेट आत. २४ सप्टेंबर २०२१ ला दिल्लीच्या रोहिणी कोर्टात मारेकरी वकिलांच्याच वेशात शिरले आणि भर कोर्टात गोळ्या झाडल्या. ओळखपत्र आणि झडती सगळ्यांचीच हवी.

त्याच वर्षी २८ जुलैला धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंद यांना सकाळी फिरायला निघाले असताना रस्त्यावर रिक्षाने मुद्दाम उडवलं. म्हणून न्यायाधीशांनो, फिरायची वेळ आणि रस्ता बदलत राहा.

कोर्टात धमकीचं पत्र आलं की ते शिरस्तेदारापासून (कोर्टाचा मुख्य कारकून) शिपायापर्यंत हातोहात फिरतं आणि बोटांचे ठसे पुसले जातात. कडेला धरून कागदी पाकिटात ठेवा, मूळ लिफाफ्यासकट. धमकीचा मेसेज डिलीट करू नका. बेलिफाला (समन्स बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) आलेली धमकीही त्याच दिवशी लेखी कळवा.