दुसऱ्यांची कुत्री, आमचं घर

दारावरची बेल वाजली तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. डिसेंबरात इथे इंग्लंडमधल्या लीड्सला सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतोसुद्धा. दारात आमच्याच गल्लीतल्या एक बाई उभ्या होत्या. हातात पट्टा, काखेत गुंडाळलेलं मळकं अंथरूण आणि पायांशी बिस्किटी रंगाचा उंच, हडकुळा ग्रेहाउंड. "अंथरूण मुद्दाम धुतलं नाहीये," त्या म्हणाल्या. "त्याला घरचा वास लागतो." मग खाली बसून त्यांनी त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटल्या आणि मागे वळून न बघता गाडीत जाऊन बसल्या. चार दिवसांनी परत येणार होत्या.

गेली पाच वर्षं मी हे काम करते. कुणी गावाला गेलं की त्यांचं कुत्रं आमच्याकडे राहायला येतं. कुणी दिवसभर कामावर असेल, तर दुपारी त्यांच्या घरी जाऊन मी त्याला फिरवून आणते. घरून फोन आला की मावशी, आत्या हमखास विचारतात, "म्हणजे नक्की करतेस काय गं?" फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून एकदा बैजवार लिहिते.

नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर आम्ही इथे आलो. त्याची जोडीदार म्हणून मला नोकरीही करता येते आणि स्वतःचा व्यवसायही. (स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना मात्र स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. लहानसा, अर्धवेळ असला तरी नाही. हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं, म्हणून आवर्जून सांगते.) पहिल्या वर्षी शेजारच्या आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांची पॉपी नावाची म्हातारी टेरियर दिवसभर खिडकीत बसून असायची. मी सहज म्हटलं, मी नेते हिला बाहेर. दोन आठवडे नेलं. त्या दोन आठवड्यांत गल्लीतल्या जितक्या माणसांशी माझं बोलणं झालं, तितकं आधीच्या आठ महिन्यांत झालं नव्हतं. आजींच्या मैत्रिणीने विचारलं, तिच्या भाच्याने विचारलं, आणि हळूहळू कामाला सुरुवात झाली.

नुसतं फिरवायचं असेल तर इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्याचं कुत्रं स्वतःच्या घरी ठेवायचं, तर स्थानिक कौन्सिलचा (नगरपालिकेसारखीच ती) परवाना घ्यावाच लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून त्याचे नवे नियम लागू झाले. निरीक्षक घरी येऊन सगळं बघतात. घराला स्वतःची, दुसऱ्या कुणाशी सामायिक नसलेली, कुंपण घातलेली बाग हवी आणि घरातून थेट तिच्यात जाता यायला हवं. वेगवेगळ्या घरांतली कुत्री एकत्र ठेवायची तर मालकांची लेखी संमती हवी आणि गरज पडली तर प्रत्येकाला वेगळं ठेवता येईल अशी स्वतंत्र खोली हवी. म्हणजे तुम्ही किती कुत्री ठेवू शकता हे तुमच्या हौसेवर नाही, खोल्यांवर ठरतं. लसींची कागदपत्रं तपासायची, मालकाच्या व्हेटचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा, नंबर लिहून ठेवायचा, कुत्र्याला जास्त वेळ एकटं सोडायचं नाही, आणि राहायला येण्याआधी घराची ओळख व्हावी म्हणून एक भेट घ्यायची.

निरीक्षक बाईंनी आमच्या बागेच्या कुंपणाशी गुडघे टेकून फळीखालची फट हाताने चाचपली होती. मला तर ती फट दिसलीही नव्हती. "इथून डॅशहुंड जाईल," त्या म्हणाल्या. डॅशहुंड म्हणजे अगदी बुटक्या पायांचं कुत्रं. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी तिथे विटा लावल्या. परवान्यासोबत एक ते पाच तारे मिळतात. पाठीशी काही वर्षांचा इतिहास नसलेल्या नव्या माणसाला पहिल्या फेरीत पाच मिळत नाहीत. मला चार मिळाले. ते प्रमाणपत्र मी दारातच, चपलांच्या कपाटाच्या वर लावलं आहे. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि विमाही उतरवावाच. कराचं गणित फार किचकट नाही. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षात अशा कामातून आलेले १,००० पौंड करमुक्त असतात, त्यापुढे हिशेब ठेवायचा आणि विवरणपत्र भरायचं.

फिरवण्याच्या कामात चाव्या सांभाळायच्या असतात, आणि मला त्याचं दडपण येतं. आज माझ्याकडे सात घरांच्या चाव्या आहेत. एकाही चावीवर पत्ता नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा ते दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं. रिकाम्या घरात शिरताना मी अजूनही दारातूनच मोठ्याने हाक मारते. कुत्र्याला कळावं की कोण आलंय, आणि मलाही आपण परक्या घरात आहोत याचं भान राहावं.

मग मीनवुडच्या ओढ्याकाठची पायवाट किंवा राउंडहे पार्क. पाऊस असला तरी जायचं, आणि पाऊस असतोच. सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचं नाव आणि पत्ता असलेला बिल्ला लागतो, हा १९९२ पासूनचा नियम आहे. २०१६ पासून मायक्रोचिपही सक्तीची आहे. तरी मी निघण्यापूर्वी बिल्ला बोटांनी चाचपून बघते, कारण झुडपात घुसलेल्या कुत्र्याचा बिल्ला कधी पडतो ते कळत नाही. शी उचलायच्या पिशव्या प्रत्येक कोटाच्या प्रत्येक खिशात असतात. कोकरांच्या दिवसांत शहराबाहेर नेलं तर पट्टा हातातून सोडायचा नाही, कुत्रं कितीही गुणी असो. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो, हे मालकांना सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते. आणि घरी परतलं की दारातच बसून चारही पाय पुसायचे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकलेलं असतं. ते बोटांच्या बेचक्यात राहिलं तर चरचरतं, आणि चाटलं तर पोटात जातं.

आता त्या ग्रेहाउंडकडे वळते. त्याचं नाव विल्बर. तो शर्यतीतून निवृत्त झालेला. अशी कुत्री लहानपणापासून केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोंडवाड्यात, वाढतात. सोफा, काचेचं दार, वॉशिंग मशीन, यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नसतं. ओळखीच्या भेटीत तो खालच्या मजल्यावरच हिंडला होता, त्यामुळे जिन्याचा प्रश्न आलाच नाही. पहिल्या रात्री मी वर झोपायला निघाले, तर तो पहिल्या पायरीशी येऊन थांबला. एक पाय उचलला, पायरीवर ठेवला, परत खाली घेतला. मांड्या थरथरत होत्या. त्याने रडका आवाज काढला नाही, भुंकला नाही, नुसता वर बघत राहिला. ताशी साठ किलोमीटरच्या वर पळणारं जनावर, आणि तेरा पायऱ्यांपुढे असं उभं. मी उशी आणि रजई घेऊन खाली आले आणि सोफ्यावर झोपले. पहाटे कधीतरी माझ्या लोंबत्या हाताखाली त्याचं लांबडं डोकं येऊन टेकलं होतं.

जिना त्याला मी शिकवला नाही. चार दिवसांच्या पाहुण्याला आपल्या सोयीसाठी घाबरवायचं कशाला? बाई परत आल्यावर मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमचं घर बैठं आहे, मला हे कधी सुचलंच नाही सांगायचं." तेव्हापासून माझ्या प्रश्नांच्या कागदावर एक ओळ वाढली: जिन्याची सवय आहे का?

त्या कागदावरच्या बहुतेक ओळी अशाच आल्या आहेत, आणि त्यातली एक ओळ माझ्या चुकीने आली. दिवाळीचे लाडू केले होते. बेसनाचे, प्रत्येकावर एकेक बेदाणा टोचलेला, आई करते तसे. ताट ओट्यावर मागे सरकवलेलं होतं. मी दोन मिनिटांसाठी कुरिअर घ्यायला दारात गेले आणि परतले तर पाहुणी स्पॅनियल बेला जिभेने ओठ पुसत होती. लाडू मोजले. दोन कमी. म्हणजे बेदाणे दोन.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतात याचा भरवशाचा आकडा नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखाद्याला थोडेही भोवतात. कांदा, लसूण, चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, हे सगळं मला पाठ होतं. तरी ताट ओट्यावर होतं. मी आधी व्हेटला फोन केला, मग बेलाच्या मालकांना, स्पेनला. काय खाल्लं, किती वाजता, चूक कुणाची, सगळं जसं झालं तसं सांगितलं. व्हेटने इंजेक्शन देऊन उलटी करवली. पिवळ्या लगद्यात दोन्ही बेदाणे निघाले, फुगलेले, अख्खे. दोन दिवसांनी रक्त तपासलं, ते चांगलं होतं. बिल मी भरू म्हटलं तर मालक नको म्हणाले, तरी मी भरलं. ते आजही बेलाला माझ्याकडेच ठेवतात. आता आमच्या लाडवांवर बदामाचा काप असतो आणि डबा झाकण लावून वरच्या कपाटात.

बेलाचीच आणखी एक रात्र सांगते. इंग्लंडमध्ये रात्री अकरानंतर फटाके वाजवायला बंदी आहे, पण चार रात्री सूट आहे. ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला (इथली शेकोट्या-फटाक्यांची रात्र) बारापर्यंत, आणि नववर्ष, चिनी नववर्ष आणि आपली दिवाळी या तीन रात्री एक वाजेपर्यंत. कायद्यात आपल्या सणाचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. काही वर्षी तर दिवाळी आणि ५ नोव्हेंबर एकाच आठवड्यात येतात, आणि तो आठवडा कुत्र्यांना फार जड जातो.

त्या लक्ष्मीपूजनाला बेला आमच्याकडे होती. तिला अंधार पडायच्या आत फिरवून आणलं, जेवण लवकर दिलं, पडदे ओढले, टीव्हीचा आवाज वाढवला. पूजा झाली, आरती हळू आवाजात म्हटली. साडेसातला पहिला बाण फुटला आणि ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली. अंग कापत होतं, तोंडातून लाळ गळत होती. तिला बाहेर ओढायचं नाही, मिठीत आवळायचं नाही, तिने निवडलेली जागा तिला राहू द्यायची. मी टेबलावर जाड चादर टाकून चारी बाजूंनी खाली सोडली, तिचं अंथरूण आत सरकवलं आणि साडीतच शेजारी जमिनीवर आडवी झाले. नवऱ्याने मित्रांना फोन करून आम्ही येत नाही म्हणून सांगितलं. दिवे बाहेर जळत होते, मी मात्र तिथून हलले नाही. प्रत्येक आवाजाला तिची नखं फरशीवर कर्र वाजायची.

एक वाजून दहा मिनिटांनी सगळं शांत झालं. अजून पंधरा मिनिटं गेली. मग चादर हलली, तिचं नाक बाहेर आलं, माझं मनगट एकदा हुंगलं. वाटीतलं पाणी ती बराच वेळ पीत राहिली. मी मागचं दार उघडलं. बागेत फटाक्यांच्या दारूचा वास भरून राहिला होता. ती उंबऱ्यावर थांबली, कान टवकारले, दोन पावलं गवतात गेली, तिथेच बसून शू केली आणि धावत आत आली. उंबऱ्याजवळची पणती तोवर विझली होती.