आमच्या लँडरची सळई रोवायची की नाही: माझा अनुभव

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आम्ही चौघांनी मिळून एक प्रायोगिक लँडर तयार केला होता. वजन ६ किलो, पाय तीन, आणि जमिनीत रोवून तापमान मोजणारी मोटरवरची सळई पायांच्या त्रिकोणाबाहेर ६ सेंटिमीटरवर. ही जागा गैरसोयीची आहे हे आम्हांला जानेवारीतच कळले होते. परंतु मध्यभागी बॅटरी बसवून झाली होती आणि ती हलवायला वेळ उरला नव्हता.

कल्पना चांद्रयान-३ वरून घेतलेली होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विक्रमवरील चास्टे या उपकरणाची सळई चंद्राच्या मातीत उतरली आणि तिच्यावरील १० संवेदकांनी वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान नोंदवले. आम्ही चंद्राच्या मातीऐवजी खडी क्रशरची बारीक कच वापरली, कारण आपल्याकडचा काळा दगड बेसाल्टच आहे आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच आहेत. लँडरला दोरी बांधून ती छताच्या कप्पीवरून नेली व दुसऱ्या टोकाला ५ किलोचे वजन अडकवले, म्हणजे चंद्रावरच्याप्रमाणे पायांवर एक षष्ठांश, म्हणजे १ किलोचाच भार उरला.

अडचण येथेच होती. सळई जमिनीला जितक्या जोराने दाबते, तितक्याच जोराने जमीन लँडरला उचलू पाहते. सळईपासून विरुद्ध बाजूच्या पायापर्यंतचे अंतर ३६ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्यापासून त्याच पायापर्यंतचे २० सेंटिमीटर, त्यामुळे सपाट जागेवर सुमारे ५६० ग्रॅम जोर लागताच लँडर उलटायला लागणार होता. ताणकाट्याने मोजले तेव्हा कोरड्या कचेत ८ सेंटिमीटर खोलीला जवळजवळ ५०० ग्रॅम जोर लागत होता. फरक फारच थोडा होता.

प्रात्यक्षिक जूनच्या पहिल्या आठवड्यात झाले. आम्हांला शेजारच्या खोलीत बसून केवळ पडद्यावरच्या आकड्यांवरून लँडर चालवायचा होता आणि बॅटरी ४० मिनिटांची होती. लँडर उतरला, पण सळईच्या विरुद्ध बाजूचा, मागचा पाय कचेत रुतून १२ अंशांचा कल आला. मी कागदावर पुन्हा गणित मांडले. गुरुत्वमध्य मागच्या पायाकडे सरकल्यामुळे मर्यादा ५६० वरून सुमारे ४३० ग्रॅमपर्यंत खाली आली होती, म्हणजे ठरवलेली खोली गाठणे अशक्य होते.

इलेक्ट्रॉनिक्स पाहणारी मैत्रीण म्हणाली, "सळईला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याची छायाचित्रे मिळाली आहेत, तेवढी पुरेत." मला ते पटत नव्हते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये फिले हे यान ६७पी या धूमकेतूवर उतरताना त्याला जमिनीला जखडून ठेवणारे भाले, म्हणजे हार्पून, सुटले नाहीत, यान उसळून सावलीत तिरपे पडले आणि त्याच्या मुख्य बॅटरीत सुमारे ६० तासांचीच शक्ती होती. हातोड्याने किंवा ड्रिलने काम केले तर जवळजवळ वजनच नसलेले ते यान पुन्हा उडेल, ही भीती खरी होती. ते यान चालवणाऱ्यांनी आधी जोखीम नसलेली मोजमापे केली, नंतर हातोडा चालवला आणि शेवटी, बॅटरी संपण्यापूर्वी, ड्रिल. ड्रिल पूर्ण लांबीपर्यंत बाहेर आला, पण माती तापवून तपासणाऱ्या भट्टीत ती पोहोचल्याचे विश्लेषणात दिसले नाही. तरीही तो निर्णय मला योग्यच वाटतो, कारण न चालवलेल्या ड्रिलने कोणालाच काही सांगितले नसते.

मी मार्गदर्शक मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "रोवायची की नाही हे मला विचारू नका. कोणत्या आकड्याला थांबाल, ते मला आधी लिहून द्या." त्याक्षणी वादाचे रूप बदलले. आम्ही वहीत लिहिले की सगळी छायाचित्रे साठवून झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, मोटरचा विद्युतप्रवाह ३५० ग्रॅम जोराच्या खुणेला पोहोचताच थांबायचे, आणि कल अर्ध्या अंशाने बदलला तरी थांबायचे. मैत्रिणीने त्याखाली सही केली.

१८ मिनिटे शिल्लक असताना मोटर सुरू केली. दोनच सेंटिमीटरवर प्रवाह आमच्या आलेखापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त दिसू लागला. मुंबईची जूनमधली हवा आम्ही विचारातच घेतली नव्हती. एप्रिलमध्ये कोरडी असलेली कच आता दमट होऊन कणांना कण चिकटले होते. मित्र म्हणाला, "आणखी एक सेंटिमीटर जाऊ दे, उलटणार नाही." ते कदाचित खरेही असेल, पण खूण वहीत होती. साडेचार सेंटिमीटरवर ३५० ची खूण आली आणि मी मोटर बंद केली.

आठऐवजी साडेचार सेंटिमीटर खोलीची नोंद मिळाली. पृष्ठभागावर सोडलेल्या दिव्याची उष्णता खालच्या संवेदकापर्यंत हळूहळू पोहोचताना आलेखात स्पष्ट दिसत होती. नंतर आम्ही खोलीत जाऊन लँडरजवळ वाकून पाहिले, तेव्हा सळईच्या बाजूच्या डाव्या पायाखालून वहीचे पान कोठेही न अडकता सरकले.