तौक्तेत पडलेला फणस

सावंतवाडीची लाकडी फळं मला आवडतात, तरी चितारआळीत मी कंटाळले. शनिवारची रेटारेटी आणि दर दुकानात तोच चकचकीत आंबा, तेच सीताफळ. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहिले, मोती तलावाकाठी चहा प्यायले, दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी रिक्षावाले काका म्हणाले, "लाकडाचा काम बघूचा आसात तर आमच्या वाडीत चला."

एका घराच्या पडवीत फणसाचा बुंधा आडवा होता. 2021च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात परसातच उन्मळून पडलेला. वखारवाला न्यायला आला होता, घरातल्या आजोबांनी दिला नाही. छपराखाली सावकाश सुकू दिला, कारण ओलं लाकूड कोरलं की मागाहून तडकतं. बाहेरचा पांढरट भाग किड्यांनी पोखरून पार भुगा झालेला, आतला गाभा मात्र शाबूत. नुकताच कापलेला तुकडा हळदीसारखा पिवळा, वर्षापूर्वीचा तांबूस तपकिरी. चितारआळीतली खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, त्यांना रंग चढवावाच लागतो. इथे रंगाचा डबाच नव्हता.

आजोबा पटाशीने म्हैस कोरत होते. पाण्यात बसलेली, म्हणून अर्धीच. पोटाखालचं लाकूड तसंच खडबडीत ठेवलेलं. पाठीवरून एक लांब चीर गेली होती. मी विचारलं, "चीर बुजवायला लांबी भरणार ना?"

"म्हशीक कोण लांबी भरता?"

तेवढ्यात गाडीतून एक कुटुंब उतरलं. किंमत विचारली, साडेचार हजार. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "लाकूड तर घरचंच, पडलेलं. मग एवढे कसले?" माझं डोकंच फिरलं. फणस वाऱ्याने पाडला, म्हैस काय वाऱ्याने कोरली? हॉटेलात एका रात्रीचे तेवढेच पैसे हीच माणसं निमूट मोजतात, आणि वर गरम पाणी आलं नाही तरी गप्प बसतात. आजोबांनी वाद घातला नाही. आतून कोकम सरबत मागवलं, त्यांनाही दिलं. त्यांनी ते प्यायलं, फोटो काढले आणि गेले. कोकणातला हा पाहुणचार मला कधीकधी सोसत नाही.

म्हैस मला हवी होती. आगाऊ पैसे पुढे केले तर आजोबांनी हात मागे घेतला. "पैशे घेतलंय तर तुमच्या घाईन कोरूक लागतला. दिवाळीनंतर फोन करा."

नंबर घेतलाय. वाडीत रेंज नाही.