वायर काढून खेळताना: आठवा रविवार

उत्तरायणात मांज्याने गल्लीतल्या केबली तुटतात, हे बडोद्यात दरवर्षीचंच. यंदा दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीचं नेट चार दिवस बंद होतं, आणि त्यातूनच ही नोंदवही सुरू झाली. दर रविवारी पीएस५ची (प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलची) नेटची लॅन वायर काढायची, एक गेम लावायचा आणि दोन तास खेळून काय चालतं, काय अडतं ते लिहून ठेवायचं.

आज ग्रॅन टुरिस्मो ७. आमच्या कट्ट्यावर कुणी "रेसिंगमधला कोणता घेऊ?" विचारलं की पहिलं नाव याचंच निघतं, आणि मीही तेच सांगत आलोय. गाडी हातात येते ती इथेच. ब्रेक जास्त दाबला की कंट्रोलरवरचं ब्रेकचं बटण एल२ बोटाखाली थरथरतं, ओल्या रस्त्यावर मागचं चाक कधी सुटणार ते आधी कळतं. पण वायर काढली आणि कॅफे, म्हणजे जिथून पुढच्या शर्यतींची कामगिरी मिळते ती जागा, बंद. म्हणजे अख्खं करिअरच बंद. उरलं काय, तर गाणं संपेपर्यंत गाडी पळवायची म्युझिक रॅली आणि मोजक्या गाड्यांच्या आर्केड शर्यती. दोन तास ठरवले होते, चाळीस मिनिटांत उठलो.

भाचा शेजारीच बसला होता. "मामा, नेट रोज असतंच की. वर्षातल्या चार दिवसांसाठी एवढं कशाला?"

मी म्हटलं, वायर आपल्याच बाजूची तुटायला हवी असं थोडंच आहे? हा गेम आला ४ मार्च २०२२ला. त्याच महिन्यात १७ तारखेच्या अपडेटनंतर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले. एकट्याने खेळणारेही अडकले. समीक्षकांचे भरघोस गुण तोवर छापून झाले होते. खेळणाऱ्यांनी दिलेले गुण मात्र धडाधड कोसळले. त्याच अपडेटने शर्यतींची बक्षिसंही कमी केली होती, हे त्या रागाचं दुसरं कारण.

भाच्याचंही एक म्हणणं मला पटतं. तो रॉकेट लीग खेळतो. २०२०पासून तो गेम फुकट आहे, पीएस प्लस ही सोनीची पैसे भरून घ्यायची सदस्यताही लागत नाही, आणि त्याची वर्गातली सगळी दोस्तमंडळी तिथेच भेटतात. त्याला ऑफलाइनचं कौतुक का असावं?

तिसऱ्या रविवारी विचर ३ लावला होता, काहीही फरक जाणवला नाही. एल्डन रिंगच्या रविवारी मात्र मी चक्रावलो. खेळ पूर्ण चालतो, पण जमिनीवर इतर खेळाडूंनी लिहिलेले संदेश आणि ते जिथे मेले तिथले रक्ताचे डाग गायब. "पुढे उडी मार" म्हणत कड्यावरून पाडणारे खोटारडेसुद्धा नाहीत! गेम तोच, पण एकाकी. मला तो तसा जास्त आवडला. भाच्याच्या मते अर्धा जीवच गेला.

"डिस्क घे, मग चिंता नाही" असं सांगणाऱ्यांनी द क्रू हा नेटशिवाय न चालणारा रेसिंग गेम आठवावा. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि कपाटातली डिस्क नुसती चकती उरली. उलट ७च्या आधीच्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टचे सर्व्हर त्याच वर्षी ३१ जानेवारीला बंद झाले, पण त्याआधी अपडेट देऊन प्रगती कन्सोलवरच साठवायची सोय केली होती. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. म्हणूनच ७ची अडवणूक मला जास्त बोचते.

दोन गोष्टी मात्र आजच तपासा. डाउनलोड केलेले गेम ऑफलाइन चालवायचे तर सेटिंग्जमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू हवं. दुसरं, पीएस४ गेमचे सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पेनड्राइव्हवर घेता येतात, पीएस५ गेमचे नाही. त्यांना क्लाउडच, आणि त्यासाठी प्लस भरावं लागतं.

वहीत गुणांचा रकाना मी आता काढून टाकलाय. त्या जागी 'वायरीशिवाय किती' असं लिहितो. ग्रॅन टुरिस्मो ७समोर आज लिहिलं: चाळीस मिनिटं. पुढच्या रविवारी हिटमॅन, तो भाच्याने निवडलाय.