साठीतले पहिले शंभर मीटर

सोलापूर, 19 जानेवारी 2026, सोमवार

आज तलावावर पोहोचलो तेव्हा अंधार पुरता फिटला नव्हता आणि काल रात्री नातवंडांबरोबर गड्ड्याच्या जत्रेत हिंडल्यामुळे पायही जड झाले होते. तरी शंभर मीटर फ्रीस्टाइलची वेळ घ्यायचीच होती, कारण नव्या वयोगटातली ती माझी पहिली वेळ ठरणार होती. मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, जलतरणात वय त्या वर्षाच्या 31 डिसेंबरचे धरतात. त्यामुळे माझा साठावा वाढदिवस नोव्हेंबरात असला, तरी 1 जानेवारीपासूनच मी 60 ते 64 या गटात गेलो आहे. रिलेत चौघांच्या वयांची बेरीज पाहतात. आमची बेरीज यंदा 240 झाली आणि सगळा संघच वरच्या गटात सरकला, म्हणून एकाने पेढेसुद्धा आणले. म्हातारे झाल्याचे पेढे वाटणारी माणसे इतरत्र कुठे असतील असे वाटत नाही.

वेळ लागली 1 मिनिट 24 सेकंद. स्टॉपवॉच धरलेला मुलगा संकोचून म्हणाला, "काका, मागच्या वर्षीपेक्षा दोन सेकंद वाढले की हो." माझ्या वहीत पंचेचाळिसाव्या वर्षीची नोंद 1 मिनिट 12 सेकंदांची आहे: पहिले पन्नास मीटर 34 सेकंदांत, दुसरे 38 मध्ये. आज तेच 39 आणि 45 झाले. वयाबरोबर हृदयाचे कमाल ठोके कमी होतात, झटकन ताकद लावणारे स्नायुतंतू बारीक होतात, हे मला वाचून ठाऊक आहे. पण शेवटच्या पंचवीस मीटरमध्ये हात पाण्याला नुसते थोपटत राहतात, पाणी मागे जातच नाही, तेव्हा ते खरे कळते. शिवाय सुरुवात मी पंचेचाळिशीच्याच तोऱ्यात केली होती, आणि हा दोष वयाच्या माथी मारता येणार नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा उतरलो. या वेळी भिंतीवरून जोरात ढकलून शरीर शक्य तितका वेळ सरळ ताणून ठेवले आणि पहिल्या फेरीत 24 ऐवजी 20 हातच मारले. पन्नास मीटर 41 सेकंदांत झाले, पुढचे पन्नास 43 मध्ये. बेरीज पुन्हा 1 मिनिट 24 सेकंदच, पण भिंतीला हात लावल्यावर या वेळी मला बोलता येत होते.

घरी येताना जपानच्या मिएको नागाओका आठवल्या. 2015 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, पंचवीस मीटरच्या तलावात 1500 मीटर फ्रीस्टाइल पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या शतायुषी. वेळ 1 तास 15 मिनिटे 54 सेकंद. आजवर मला त्यांच्या चिकाटीचेच कौतुक होते, पण आज वेगळाच हेवा वाटला. त्या पोहायला लागल्या ऐंशीव्या वर्षी. तरुणपणीचा कुठलाही आकडा त्यांच्या मानगुटीवर बसलेला नव्हता. माझ्या उत्साहाला जे ग्रहण लागते ते पाण्यात लागत नाही, घरी वही उघडल्यावर लागते. पस्तिशीत मला शेजारच्या लेनमधल्या माणसाला हरवायचे असे, पुढे स्वतःच्या वेळेला हरवायचे असे. आता ती वेळ दर वर्षी थोडी आणखी पुढे निघून जाते आणि मी तिच्या मागे धावत राहतो. गट बदलल्यावर पदक मिळेलही, पण आमच्या गटात बरोबरीचे किती जण तलाव सोडून गेले आहेत हे मला माहीत असल्याने त्या पदकाचे मोल मी थोडे कमीच धरतो.

हिला हे सांगितले तर ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "मग ती जुनी वही माळ्यावर टाका की." तेवढे काही जमले नाही. दुपारी नवी वही आणली, पहिल्या पानावर 41 आणि 43 एवढेच लिहिले आणि जुनी तिच्याखाली खणात ठेवली.

उजवा खांदा आता दुखतो आहे. पूर्वी दुसऱ्याच दिवशी पुन्हा वेळ घेत असे, हल्ली मध्ये दोन दिवस सोडावे लागतात. गुरुवारी रिलेचा सराव आहे.