साठच्या जागची रेघ

"ताई, बँड बघा कसा स्वच्छ आलाय!" आमच्या लॅबमधल्या पेडण्याच्या मुलीने फिल्म माझ्यासमोर धरली. चवथ तोंडावर आली होती आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळाफुलांसाठी म्हापशाचा बाजार गाठायची तिची घाई चालली होती. वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी होतात, आणि ठरावीक प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे फिल्मवर रेघ उमटते; तोच बँड. रेघ खरोखर सुरेख होती. पण ती होती ६० किलोडाल्टनच्या (प्रथिनांच्या वजनाचं एकक) आसपास, आणि अँटिबॉडी डीएनएमटी१ या एन्झाइमची.

पेशी विभागताना जुन्या डीएनए धाग्यावरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा नव्या धाग्यावर उतरवायचं काम हे एन्झाइम करतं. माणसातलं डीएनएमटी१ १,६१६ अमिनो आम्लांचं, वजन १८३ किलोडाल्टनच्या घरात. "तुटलेला तुकडा असेल," ती म्हणाली. असूही शकतो. पण तेवढ्यावर ट्यूमरच्या नमुन्यांचे आलेख काढता येत नाहीत, आणि तिचे तर काढून झाले होते. अँटिबॉडीच्या माहितीपत्रकातलं चित्र रेघेपुरतंच कापलेलं, वर-खाली काय होतं ते कळायला मार्ग नाही. अशा कापलेल्या चित्रांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्या भरवशावर कुणाची तरी पीएचडी उभी असते.

या एन्झाइमची खात्री करायला डेसिटाबिन हे औषध फार उपयोगी. विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत ते शिरतं, डीएनएमटी१ तिथे चिकटून अडकतं आणि पेशी ते मोडून टाकते. म्हणजे औषध दिलेल्या पेशींत खरी रेघ विरायलाच हवी. अशा पेशी फ्रीझरमध्ये होत्या. एवढं मोठं प्रथिन जेलमधून मेंब्रेनच्या पातळ पडद्यावर लवकर उतरत नाही, म्हणून बफरमध्ये मिथेनॉल कमी घालून ट्रान्सफर रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज जाऊ नये एवढीच प्रार्थना.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली. ६०ची रेघ दोन्ही लेनमध्ये, म्हणजे साध्या आणि औषध दिलेल्या पेशींच्या पट्ट्यांत, सारखीच काळी. दोन्हीकडे नमुना सारखाच घातलाय हे दाखवणारं अ‍ॅक्टिन प्रथिनही सारखं. आणि १८०च्या मार्करला, म्हणजे माहीत असलेल्या वजनाच्या खुणेला, लागून, साध्या पेशींच्या लेनमध्ये एक फिकट रेघ. औषधाच्या लेनमध्ये ती नव्हती.

"मग इतके महिने मी मोजलं ते काय?"

"ते शोधावं लागेल. डीएनएमटी१ नव्हे, एवढं नक्की."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नॉकआउट पेशी मागवूया का?" प्रश्न बरोबर होता, ज्या पेशींतून हे जनुकच काढलंय त्यांत खरी रेघ दिसता कामा नये; पण तिथेही सावध राहावं लागतं. २००० साली एचसीटी११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतून हे जनुक निकामी केल्याचं प्रसिद्ध झालं, आणि २००६ मध्ये दिसून आलं की एन्झाइमचं आखूड, तरीही काम करणारं रूप त्यांत उरलेलं आहे. त्यामुळे अँटिबॉडी प्रथिनाचा कुठला भाग धरते, हे आधी विचारायचं.

तिने वहीत लॉट नंबर लिहिला, जुन्या आलेखांवर तारीख घालून काट मारली. प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला धरणारी मोनोक्लोनल (एकाच ठरावीक जागेला चिकटणारी) अँटिबॉडी मागवायचं ठरलं, आणि यापुढे प्रत्येक जेलवर डेसिटाबिनची एक लेन ठेवायचं. संध्याकाळच्या बसने ती पेडण्याला गेली.