तो सिनेमा मी का बघितला नाही

"एवढे सिनेमे बघता, वाचनालयातून पिशवी भरभरून पुस्तकं नेता, आणि अण्णा ज्यात आहेत तोच सिनेमा बघितला नाहीत?"

हे मला वाईत माहेरच्या आळीत विचारलं गेलंय, साताऱ्यात शेजारणींनी विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर भेटायला आलेल्यांनीसुद्धा चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं. आजवर मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. मारामारीचे सिनेमे सोसत नाहीत म्हणाले, सवड मिळाली नाही म्हणाले. त्यातलं काहीच खरं नव्हतं. मारामारीचे सिनेमे मी आवडीने बघते आणि सवड काढायची म्हटली की निघते. आता विचारलंतच आहे, तर एकदा सगळं सांगून टाकते.

वाईकरांना शूटिंगचं अप्रूप नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'गंगाजल'मध्ये आमची वाई बिहारात गेली, 2004 च्या 'स्वदेस'मध्ये शेजारची मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली, पुढे 'चेन्नई एक्सप्रेस'च्या वेळी दक्षिणेतही जाऊन आली. दुकानांच्या पाट्या बदलतात, घाटावर अनोळखी झेंडे लागतात, चार दिवसांनी सगळं उतरवलं जातं. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी कापायला माशाच्या आकाराची बांधली आहे. 1762 पासून ती कृष्णेचे पूर अंगावर घेते आहे. पडद्यावर ती नुसती कुठल्यातरी गावातल्या देवळाची भिंत असते.

या गोष्टीवर मी पूर्वी तावातावाने बोलायचे. माझा मुद्दा असा, की सिनेमा गाव वापरतो आणि पुस्तक गाव सांभाळतं. दाखला 'बनगरवाडी'चा. व्यंकटेश माडगूळकरांनी औंध संस्थानातली एक धनगरवस्ती लिहिली, 1955 साली ते पुस्तक आलं, आणि आजही ते उघडलं की तिथली माणसं त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच बोलीत भेटतात. कुणी त्यांना दुसऱ्या मुलखात नेऊन उभं केलेलं नाही. हे मी इतक्या वेळा बोलले की ऐकणाऱ्यांना वाटायचं, हेच माझं कारण. मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण त्याच 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांनी 1995 मध्ये सिनेमा केला, तो मी बघितलाय आणि मला आवडलाय. म्हणजे सिनेमा या प्रकारावर माझा राग नाही. कारण दुसरं आहे.

छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवण्यात अण्णांचा जन्म गेला. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवर. काना कुठं, रफार कुठं, अर्धा त कुठं, हे त्यांना बघावं लागायचं नाही. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. आपण सुलटी ओळ वाचतो त्याहून अण्णा उलटी ओळ झरझर वाचायचे. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेला मजकूर, सोडायचा, खिळे परत आपापल्या खणात टाकायचे आणि दुसऱ्या कुणाच्या मजकुराला लागायचं. संगणकावर मजकूर जुळवायचं डीटीपी आलं, खिळे किलोवर भंगारात गेले आणि अण्णा घरी बसले.

अण्णांना रडताना कुणी बघितलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीही नाही. तेराव्याला ते दारात पाहुण्यांच्या चपला ओळीने लावत होते. मावशी म्हणाली, "भावजी, बसा जरा." ते बसले, आणि पुन्हा उठून चपला लावायला लागले.

घाटावर गर्दीचं काम मिळतंय म्हणून आळीतल्या एकाने त्यांना नेलं, तेव्हा मी माहेरी आले होते. मे महिना होता. दुपारी डबा आणि बीपीची गोळी घेऊन मी घाटावर गेले. बघते तर अण्णा गर्दीत नव्हते. त्यांना पुढे काढलं होतं. चहाच्या पाण्यात बुडवून मळवलेला कुडता अंगात, डोक्याला गमछा. पांढरी टोपी त्यांनी दोरीपलीकडून माझ्या हातात दिली. "धर. मळेल." एवढंच बोलले.

प्रसंग असा होता: गुंड येतात, टपरी उधळतात, म्हातारा हात जोडतो, एक गुंड त्याची मानगूट धरून त्याला पायऱ्यांवर ढकलतो. खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी गादी टाकली होती. पहिल्या वेळी ढग आला. मग मागून कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग गुंडाचा हात चुकला. अण्णा दर वेळी उठायचे, कुडता झटकायला हात न्यायचे आणि आठवण होऊन थांबायचे, कारण धूळ तशीच राहायला हवी होती. एकदा तर त्यांनीच त्या पोराला दाखवलं, हात मानेवर थोडा वर धर, म्हणजे मला पडताना कुशीवर वळता येतं. माझ्या मुठीत टोपी चुरगळत होती.

मग हातात वॉकीटॉकी असलेला एक मुलगा आला. "चाचाजी, इस बार रोना है." ग्लिसरीनची बाटली घेऊन दुसरा कुणी पुढे झाला. अण्णांनी हातानेच नको म्हटलं.

आणि रडले.

आवाज केला नाही. खालचा ओठ आत ओढला गेला, मान डाव्या खांद्याकडे कलली, नाकातून पाणी आलं ते पुसलं नाही. जोडलेले हात तसेच राहिले आणि दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत होते. कट झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. मग कॅमेरा जवळ आणला. अण्णा पुन्हा रडले. मग दुसऱ्या बाजूने. पुन्हा. ओठ तसाच, मान तशीच, अंगठे तसेच. मला बाजूला व्हायला सांगितलं गेलं, मी फ्रेममध्ये येत होते म्हणे. मी देवळामागे जाऊन उभी राहिले.

घरी येताना विचारलं, "अण्णा, काय आठवलं तुम्हाला?"

"काय आठवायचंय? सांगितलं, रडलो. काम आहे ते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "बरं झालं का गं?"

"झालं," म्हटलं मी.

"उद्याही बोलावलंय. दाढी करू नका म्हणालेत."

त्या रात्रीपासून मी एकाच जागी अडकले आहे. ते रडणं खरं असेल, तर दर वेळी तंतोतंत तेच कसं आलं? आणि नुसतं काम असेल, तर ते शिकले कुठं? इतकं हुबेहूब रडता येणारा माणूस आईच्या वेळी चपला का लावत बसला? तुम्ही येऊन मला कौतुकाने सांगता, "काय रडलेत हो अण्णा! डोळ्यांत पाणी आलं." तुम्ही मनापासून सांगता, हे मला कळतं. पण तुम्हाला जे दिसलं ते आम्हा भावंडांना घरात कधी मिळालं नाही. ते तिकीट काढून बघायचं माझ्याच्याने होत नाही.

पूर्वी मी याला अपमानाचं नाव दिलं होतं. साठी उलटलेल्या माणसाला रोजंदारीवर ढकललं, पाडलं, रडवलं, असं. एकदा रागाच्या भरात अण्णांसमोर बोलूनही गेले. ते शांतपणे म्हणाले, "छापखान्यात मालक पोरांसमोर आयमाय काढायचा, तेव्हा तू कधी रागावली नाहीस. इथं मला दर वेळी चाचाजी म्हणून विचारलं, एक बार और?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मला अपमान दिसला, हे मी खोडत नाही. त्यांना तो वाटला नाही, हेही खोडता येत नाही. त्यांनी जुळवलेल्या पुस्तकांत त्यांचं नाव कुठंच नाही. सिनेमात नाव नसलं तरी चेहरा आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. सिनेमा साताऱ्यात लागला तेव्हा दादाबरोबर इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि तिथून चहाला माझ्याकडे आले. मी काही विचारेन म्हणून बराच वेळ बसले होते. मी विचारलं, "मध्यंतराच्या आधी येतं की नंतर?"

"आधी," म्हणाले. कपातला चहा संपवला आणि वाईची एसटी धरायला निघाले.

दुसऱ्यांचे वडील पडद्यावर रडतात तेव्हा मी मनसोक्त रडते. तेही कुणाचे तरी अण्णा असणार, कुणीतरी दोरीपलीकडे त्यांची टोपी धरून उभं असणार, हे मला त्या मे महिन्याआधी कधी सुचलं नव्हतं. आता सुचतं, तरी मी सिनेमे बघायचे थांबवले नाहीत. यात विसंगती आहे, आणि ती माझी मलाच सोडवता आलेली नाही. लांब कुठंतरी एखाद्या अनोळखी बाईला अण्णांना बघून हुंदका आला असेल तर ते बरंच झालं, असंही कधीकधी वाटतं. मग त्या बाईचा हेवा वाटतो.

दादाचा मुलगा म्हणतो, आत्या, तेवढाच तुकडा कापून देतो, दीड मिनिटाचा आहे. मी त्याला नको म्हटलंय. पुढे कधी हो म्हणेन का, ते आज सांगता येत नाही. तुम्हीही क्लिप पाठवू नका. आवाज बंद करून बघ, त्रास होणार नाही, असंही सांगू नका. ते रडणं बिनआवाजाचंच होतं.